देवभाताची उसनवारी

गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, महाराष्ट्रात पुष्कळ घरी ऋषिपंचमीचे व्रत असते. त्या दिवशी व्रत करणाऱ्या बायका बैलाच्या श्रमाचे काही खात नाहीत. नांगर न लागता आलेल्या भाज्या, कंद आणि मिळाला तर देवभात, एवढ्यावर दिवस काढायचा. देवभात म्हणजे कोणी न पेरता तळ्याच्या काठी, ओहोळात, रस्त्याकडेच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यात आपोआप उगवणारे भात. माणसाने पेरले नाही, म्हणजे देवाने पेरले असणार, असा साधा हिशेब. उत्तर प्रदेशात याच धान्याला तिन्नी म्हणतात आणि तेही उपासालाच खातात. संस्कृतातले त्याचे नाव नीवार.

नीवार हे ऋषींचे अन्न. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त दुष्यंताला आपण तपोवनात आलो हे कळते, त्याच्या खुणांत एक खूण झाडाखाली सांडलेल्या नीवाराच्या दाण्यांची आहे, पोपटांच्या ढोलीतून ते खाली पडलेले असतात. पुढच्या अंकात विदूषक राजाला सुचवतो, की आश्रमात जायला निमित्त हवे असेल तर नीवाराचा सहावा हिस्सा कर म्हणून माग. राजा ते हसण्यावारी नेतो. न पेरलेल्या धान्यावर कर कसला? हा विनोद लक्षात ठेवण्यासारखा आहे. हिश्श्याचा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे, आणि तेव्हा तो विनोदाचा राहिलेला नसेल.

गेल्या साठ वर्षांत जगाच्या भातशेतीने या देवभाताकडून आणि त्याच्या रानटी भाऊबंदांकडून बरेच काही उसने घेतले. त्या उसनवारीची ही हकीकत. ती वसई तालुक्यातून सांगायला सुरुवात करतो, कारण इथल्या शिक्षकाला तिच्यातल्या निम्म्या गोष्टी पायी फिरून दाखवता येतात. पश्चिमेकडचा सांडोर, पापडीचा पट्टा वाड्यांचा, केळी आणि पानवेलींचा. पाऊस पडला की सखल भागात भाताची खाचरे भरतात. आणि खाडीच्या बाजूला खार जमीन आणि मिठागरे. गोडे पाणी, मचूळ पाणी आणि खारे पाणी थोड्या अंतरात एकमेकांशेजारी आहेत. धान्याचा इतिहास शिकवायला याहून चांगला नकाशा क्वचित मिळेल.

आधी लोंबीकडे पाहू. मुंबई, साष्टीच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात ऑक्टोबरच्या सुरुवातीला ‘आगेरा’ नावाचा सण असतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, तिथे त्यांना आशीर्वाद मिळतो. हिंदू घरांतही नवे भात दाराला बांधण्याची रीत आहेच. या दोन्ही रिवाजांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे पिकलेली लोंबी शेतातून हातात धरून नेली तरी दाणे तिलाच चिकटून राहतात. देवभाताची लोंबी अशी नेता येणार नाही. दाणा पिकला की वाऱ्याच्या झुळकीने, पाखराच्या धक्क्याने गळून पाण्यात पडतो. म्हणून मध्य भारतात हे धान्य गोळा करणारे लोक पिकण्याआधीच लोंब्यांची जुडी बांधून ठेवतात किंवा खाली टोपली धरून लोंब्या झोडतात.

रोपाच्या दृष्टीने गळणे हेच शहाणपण आहे. ज्याचा दाणा गळत नाही त्याचे रोप पुढच्या वर्षी उगवायचे कसे? माणसाने मात्र हजारो वर्षे न गळणारे दाणे घरी आणले, आणि घरी आलेलेच पुन्हा पेरले. गळणारे शेतातच राहिले. अशा न ठरवता झालेल्या निवडीतून आपले भात घडले. २००६ मध्ये चांगबाओ ली, आयलिंग झोऊ आणि ताओ सांग या अमेरिकेत काम करणाऱ्या संशोधकांनी देवभात आणि शेतातले भात यांचा संकर करून या गुणामागचे एक मोठे जनुक शोधले. त्याला ‘एसएच-४’ असे नाव आहे. दाणा आणि देठ यांच्यामध्ये पेशींचा एक पातळ थर असतो. तो सुटला की दाणा गळतो. शेतातल्या भातात या जनुकातले एकच अक्षर बदललेले आहे, आणि तेवढ्याने तो थर नीट तयार होत नाही. एकट्या या बदलाने सगळे झाले नाही, इतर जनुकांचाही वाटा होता, हे नंतरच्या कामात दिसले. तरी एका अक्षरावर मळणी, खळे आणि कोठार उभे आहे असे म्हणायला हरकत नाही.

दुसरी खूण रंगाची. देवभाताचा दाणा सोलला तर आत लालसर निघतो. लाल हा भाताचा मूळ रंग आहे. पांढरा तांदूळ ही मागाहून झालेली गोष्ट, आणि तिचे कारणही २००६ मध्येच कळले: रंग आणणाऱ्या जनुकातली चौदा अक्षरे गळून गेलेली आहेत. जगातल्या बहुतेक पांढऱ्या तांदळांत हीच चौदा अक्षरे नाहीत. कोकणातल्या खार जमिनीत मात्र शेतकऱ्यांनी लाल भात सोडले नाही. ‘काळा राता’, ‘भुरा राता’ ही त्यांची नावेच रंग सांगतात. त्यांतून निवडलेले ‘काळा राता १-२४’ आणि ‘भुरा राता ४-१०’ हे वाण खारपण सोसणारे म्हणून भातशास्त्रज्ञांना चांगले ठाऊक आहेत. खार जमिनीसाठी पनवेलला स्वतंत्र संशोधन केंद्र आहे आणि तिथून ‘पनवेल’ या नावाने वाण निघाले आहेत. पाटणी, कोलम खाणारा शहरी माणूस लाल तांदळाला हलका समजतो; जमिनीत खारे पाणी शिरते तेव्हा मात्र पिकतो तो राता.

रानटी भातातून शेतातले भात घडताना किती काही मागे राहिले असेल, याचा अंदाज यावरून करता येतो. एखाद्या मोठ्या तळ्यातून चार घागरी पाणी आणले, तर तळ्यातले सगळे मासे काही घागरीत येत नाहीत. पहिल्या शेतकऱ्यांनी ज्या थोड्या झाडांचे दाणे घरी आणले, त्यांची जनुके शेतात आली. बाकीच्यांची तळ्यातच राहिली. न गळणारा, एकदम पिकणारा, कुसळ नसलेला दाणा निवडताना, कीड किंवा रोग सोसणारी कित्येक जनुके हातातून सुटली. त्यांची गरज पडेपर्यंत ती सुटली हे कळण्याचा मार्गही नव्हता.

ही गरज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पडली.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर १९४६ मध्ये कटकला केंद्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. १९६० मध्ये फिलिपिन्सच्या लोस बान्योस इथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था निघाली. भारतात याच काळात रानटी भाताची नीट ओळख पटवण्याचे काम चालू होते. तळ्यात बारमाही वाढणारे भात आणि पावसाळ्यात उगवून दिवाळीनंतर वाळून जाणारे भात, या दोहोंना बरेच जण एकच समजत. एस. डी. शर्मा आणि एस. व्ही. एस. शास्त्री या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये एकवर्षायू भाताला वेगळी जाती मानून तिचे नाव ठेवले ‘ओरायझा निवारा’. कालिदासाचा नीवार असा वनस्पतिशास्त्राच्या लॅटिन नामावळीत दाखल झाला. काही शास्त्रज्ञ आजही दोन्ही एकाच जातीचे प्रकार मानतात. तो वाद इथे बाजूला ठेवू.

दुसऱ्याच वर्षी, १९६६ मध्ये, लोस बान्योसहून ‘आयआर ८’ हा बुटका, भरघोस वाण बाहेर पडला. पुढची गोष्ट शाळेच्या पुस्तकात हरितक्रांती म्हणून येते. पुस्तकात सहसा न येणारा भाग असा, की मैलोगणती एकाच बांध्याचे भात, वर्षातून दोन-दोन तीन-तीन पिके, नत्र भरपूर आणि कीटकनाशकांनी कोळी वगैरे उपकारक प्राणी मेलेले, ही तपकिरी तुडतुड्यांना मेजवानीच होती. तुडतुडे रस शोषून पीक वाळवतातच, शिवाय एक विषाणूही पसरवतात. त्याने रोप खुजे राहते, गवतासारखे असंख्य फुटवे फुटतात आणि लोंबी येतच नाही किंवा आली तर पोचट. इंग्रजीत या रोगाला ‘ग्रासी स्टंट’ म्हणतात. आपण गवती खुरटा म्हणू. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि आपल्याकडे केरळ इथे या जोडगोळीने शेतकऱ्यांना रडकुंडीला आणले.

हा रोग सोसणारे भात संस्थेच्या संग्रहात आहे का, याचा शोध विषाणुतज्ज्ञ के. सी. लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केला. पद्धत कष्टाची होती. प्रत्येक नमुन्याची रोपे वाढवायची, त्यांच्यावर विषाणू अंगात असलेले तुडतुडे सोडायचे आणि कोण तग धरतो ते पाहायचे. सहा हजारांहून अधिक नमुने असे तपासले. लागवडीचे सगळे वाण नापास झाले. पास झाला फक्त एक नमुना, संग्रहातला क्रमांक १०१५०८. तो होता ओरायझा निवारा, उत्तर प्रदेशातून गोळा केलेला. म्हणजे उपासाचे तिन्नी.

इथे थोडे थांबायला हवे, कारण या गोष्टीचा अर्थ बहुधा चुकीचा सांगितला जातो. ‘रानटी भातात रोगप्रतिकारक शक्ती असते’ असे सर्रास लिहिले जाते. असते, पण सगळ्या रानटी भातात नाही. त्याच संग्रहात निवाराचे इतरही नमुने होते आणि तेही नापास झाले. एका विशिष्ट ठिकाणच्या, विशिष्ट पाण्यातल्या झाडांत ते जनुक होते. त्या वर्षी तो खड्डा कोरडा असता, किंवा गोळा करणारा दुसऱ्या रस्त्याने गेला असता, तर १०१५०८ क्रमांकाची पुडी संग्रहात आलीच नसती. जाती टिकली म्हणजे जनुके टिकली असे होत नाही, हे मला या हकीकतीतले सर्वांत महत्त्वाचे वाटते. वाघ वाचला की नाही ते मोजता येते. देवभाताच्या बाबतीत कुठले तळे वाचले, हे विचारावे लागते.

सापडलेले जनुक कामाच्या भातात आणण्याचे काम गुरदेव खुश यांनी केले. मूळचे पंजाबचे हे भातपैदासकार १९६७ पासून लोस बान्योसला होते. प्रतिकार एकाच प्रभावी जनुकामुळे येतो, हे खुश आणि लिंग यांनी १९७४ मध्ये दाखवले. ही मेंडेलच्या वाटाण्यासारखी सोपी स्थिती होती. अडचण अशी, की निवाराबरोबर संकर केला की त्याचे गळणे, कुसळ, आडवे पडणे हे सगळेच पोरांत येते. त्यावर उपाय म्हणजे परतसंकर: पिल्लांतून रोग सोसणारी निवडायची आणि पुन्हा चांगल्या वाणाशीच संकर करायचा, पुन्हा निवडायची, पुन्हा संकर.

दहावीच्या वर्गात फळ्यावर हे गणित जरूर करून दाखवावे. पहिल्या संकरात रानटी वाटा १/२. ‘आयआर २४’ या वाणाशी आणखी तीनदा संकर केला की सरासरी वाटा १/४, १/८, १/१६. त्यानंतर आणखी दोन चांगल्या आईबापांशी संकर झाला, की १/३२ आणि १/६४. अशा वंशावळीतून १९७६ मध्ये ‘आयआर ३६’ हा वाण बाहेर पडला. त्याच्या शेवटच्या आईबापांपैकी एक, ‘सीआर ९४-१३’, कटकच्या संस्थेतला होता आणि त्यात केरळातल्या पट्टांबीच्या जुन्या वाणांचे रक्त होते. ‘आयआर ३६’ सुमारे ११० दिवसांत तयार होई, अनेक किडी आणि रोग सोशी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो आशियात सुमारे ११० लाख हेक्टरांवर होता. तोवर जगात कुठल्याही धान्याचा एकच वाण इतक्या जमिनीवर कधी लावला गेला नव्हता. खुश यांना १९९६ मध्ये हेन्री बीचेल यांच्याबरोबर जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

गोष्ट इथे संपती तर बरे झाले असते. पण १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धातच फिलिपिन्समध्ये गवती खुरट्याच्या विषाणूचा दुसरा प्रकार दिसला आणि तो निवाराच्या जनुकाला जुमानत नव्हता. विषाणू बदलतो, तुडतुडा बदलतो, पुडीतले बी मात्र जसेच्या तसे राहते. त्यामुळे ही उसनवारी एकदा करून भागत नाही.

दुसरी मोठी उसनवारी चीनने केली, आणि तिचा धागा आपल्या कर्जतपर्यंत येतो. भाताचे फूल स्वतःच्याच परागकणांनी फळते, त्यामुळे मक्यासारखे संकरित बियाणे काढणे अवघड. प्रत्येक फुलातले पुंकेसर हाताने काढत बसणे शेतकऱ्यासाठी शक्य नाही. पुंकेसर निकामी असलेले भात मिळाले तरच जमेल, हे युआन लाँगपिंग यांनी ओळखले होते. त्यांच्या गटातले ली बिहू यांना नोव्हेंबर १९७० मध्ये हैनान बेटावर, पाणथळ जागेतल्या रानटी भातात, परागकण वांझ असलेले एक झाड सापडले. त्याचे दोष पेशीद्रवात, म्हणजे केंद्रकाबाहेर, होते. आणि पेशीद्रव पोराला आईकडूनच मिळते. म्हणून या झाडाला आई करून पिढ्यानपिढ्या चांगल्या वाणाशी संकर केला की रोप चांगल्या वाणासारखे दिसते, पण पराग वांझ राहतात. १९७६ पासून चीनमध्ये संकरित भाताची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली.

कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राने १९९८ मध्ये ‘सह्याद्री’ हा संकरित भात दिला. त्याची मादी ‘आयआर ५८०२५ ए’. तिचे पेशीद्रव त्या हैनानच्या झाडाचे. रायगड, ठाणे जिल्ह्यांत ज्यांनी सह्याद्री लावला, त्यांच्या खाचरातल्या प्रत्येक रोपात चिनी बेटावरच्या एका देवभाताचा अंश होता. शेतकऱ्याला हे कोणी सांगितले असेल असे वाटत नाही.

मात्र सगळ्यांनी एकाच झाडाकडून उसने घेतले तर काय होते, याचा धडाही त्याच १९७० साली मिळाला होता. अमेरिकेतल्या बहुतेक संकरित मक्यात तेव्हा टेक्सासमध्ये सापडलेल्या एकाच प्रकारचे नरवंध्य पेशीद्रव होते. पानावरच्या करप्याचा एक नवा प्रकार आला आणि नेमके तेच पेशीद्रव असलेल्या मक्यावर तुटून पडला. त्या वर्षी देशाचे सुमारे १५ टक्के मक्याचे पीक गेले. भातावर असे अजून झाले नाही. पण आजही जगातल्या बऱ्याच संकरित भातांत ते हैनानचे पेशीद्रव आहे.

तिसरे उदाहरण थोडक्यात. आफ्रिकेतल्या माली देशातले बारमाही रानटी भात कटकला आले आणि तिथे ते जिवाणूजन्य करप्याला दाद देत नाही असे दिसले. ते जनुक लोस बान्योसला शेतातल्या भातात आणले गेले, १९९० मध्ये त्याला ‘एक्सए २१’ असे नाव मिळाले, १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात पामेला रोनाल्ड यांच्या गटाने ते वेगळे काढले, आणि २००८ मध्ये हैदराबादच्या दोन संस्थांनी ते इतर दोन जनुकांबरोबर ‘सांबा मसुरी’त घालून सुधारित वाण दिला. माली, कटक, फिलिपिन्स, कॅलिफोर्निया, हैदराबाद. इथे विदूषकाचा प्रश्न परत येतो: सहावा हिस्सा कोणाचा? रोनाल्ड यांनी १९९६ मध्ये आपल्या विद्यापीठात एक निधी काढायला लावला, की या जनुकातून पैसा झाला तर काही भाग मालीसारख्या देशांतल्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला जावा. कल्पना चांगली होती. उत्तर प्रदेशातल्या ज्या खड्ड्यातून १०१५०८ आला, त्याच्या वाट्याला मात्र एवढेही आले नाही. तेव्हा रानटी बियाणे ही साऱ्या मानवजातीची मालमत्ता मानली जाई. देशाचा आपल्या जैवसंपत्तीवर हक्क असतो हे तत्त्व १९९२ च्या जैवविविधता कराराने मान्य केले. आपला जैवविविधता कायदा २००२ चा. मला विचाराल तर पैशाच्या हिश्श्यापेक्षाही तो खड्डा बुजू न देणे, हीच खरी परतफेड ठरली असती.

बियाणे जपण्याची व्यवस्था आपल्याकडे आहे. दिल्लीची राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन संस्था १९७६ पासून आहे. महाराष्ट्रात अकोल्याला तिचे केंद्र आहे. दिल्लीच्या जनुकपेढीत बी वाळवून उणे १८ अंशांवर ठेवतात. असे बी जपण्यासाठी माणसांनी किती सोसले, याची एक कहाणी शिक्षकांनी सांगावीच. १९४१-४२ च्या हिवाळ्यात लेनिनग्राड जर्मन वेढ्यात उपाशी मरत होते. निकोलाय वाव्हिलोव्ह यांनी जगभर फिरून गोळा केलेले बियाणे त्या शहरात होते. स्वतः वाव्हिलोव्ह तेव्हा स्टालिनच्या तुरुंगात होते; तिथेच ते १९४३ मध्ये वारले. त्यांच्या संस्थेतले भाताचे तज्ज्ञ द्मित्री इवानोव्ह भाताच्या हजारो पुड्यांच्या राखणीला असताना उपासमारीने मेले. पुड्या शाबूत होत्या.

पण पुडीतल्या बियाला नवा तुडतुडा भेटत नाही, नवा विषाणू भेटत नाही. ते ज्या वर्षी पुडीत गेले त्याच वर्षात राहते. तळ्यातले देवभात दर पावसाळ्यात नव्या शत्रूंशी झगडत असते, मरत असते, बदलत असते. पेढी आणि तळे दोन्ही लागतात, आणि सध्या धोका आहे तो तळ्याला. तो दोन प्रकारचा आहे. एक उघड: तळे बुजते. दुसरा कमी दिसणारा: बांधापलीकडच्या शेतातल्या भाताचे पराग वाऱ्याने येतात, देवभाताशी संकर होतो आणि काही पिढ्यांत ते देवभात राहत नाही. शेतकऱ्यालाही याचा त्रास होतो. छत्तीसगडात शेतात घुसलेल्या अशा रानटी भाताला ‘करगा’ म्हणतात. लहानपणी त्याचे रोप चांगल्या रोपासारखेच दिसत असल्याने बेणणीत ते सुटते. रायपूरच्या शास्त्रज्ञांनी त्यासाठी जांभळ्या पानांचा ‘श्यामला’ वाण काढला. सगळे शेत जांभळे, हिरवे दिसेल ते करगा, उपटा. युक्ती मोठी सुंदर आहे.

तैवानमध्ये हे दोन्ही धोके एकत्र आले. ताओयुआनच्या पाणथळ भागात रानटी भाताची वस्ती होती. पाण्याची रीत बदलली, जागा गेल्या, उरलेल्यात शेतातल्या भाताचा संकर होत गेला. १९७९ मध्ये तिथल्या रानटी भाताच्या निर्वंशावर शोधनिबंध लिहिण्याची पाळी आली.

वसईत गोड्या पाण्याच्या डबक्यावजा तळ्यांना बावखल म्हणतात. पावसाचे पाणी त्यांत मुरते आणि वाड्यांच्या विहिरींना मिळते. उथळ, पावसाळ्यात भरणारे आणि उन्हाळ्यात आटणारे पाणी हेच देवभाताचे घर. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले, तेव्हा लोक पाण्यासाठी आणि शेतीसाठी भांडले. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. वस्ती वाढतच आहे आणि किती तरी बावखले भराव टाकून बुजली. पालघर जिल्ह्यातल्या वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जव्हारकडे बाएफ संस्थेने शेतकऱ्यांबरोबर गावठी भाताचे वाण जपण्याचे काम केले. दोन्ही गोष्टी आनंदाच्या आहेत. पण ज्याला बाजारभाव नाही आणि मालक नाही, त्या देवभातासाठी भांडायला कोण येणार?

जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायत आणि महानगरपालिका या दोन्ही पातळ्यांवर समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. या नोंदवहीत देवभाताचे पान शाळेला भरता येईल. सप्टेंबर-ऑक्टोबरात आठवी-नववीची मुले घेऊन आसपासची तळी, बावखले, चर पाहावेत. लांब कुसळाची, एकेक दाणा वेगवेगळ्या वेळी पिकणारी, बोट लावले की गळणारी लोंबी दिसली तर जागा, तारीख, पाण्याची खोली आणि जवळचे भाताचे शेत किती पावलांवर आहे हे लिहून घ्यावे. घरातल्या आजीला तिचे नाव विचारावे. गावोगाव नाव बदलते आणि तेही नोंदवण्याजोगे असते. दाणे हवे असतील तर पिकण्याआधी लोंबीला मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी सैल बांधावी. पिकल्यावर काही दाणे लगेच ओल्या फडक्यात ठेवावेत आणि काही तीन महिन्यांनी; लगेच ठेवलेल्यांतले फार थोडे रुजतील. शेजारी घरच्या भाताचे दाणेही तसेच ठेवावेत, म्हणजे फरक मुलांना स्वतः मोजता येईल.

एका तळ्यातले दाणे एका कागदी पाकिटात ठेवावेत, दुसऱ्या तळ्यातले दुसऱ्यात. कधीही मिसळू नयेत. आणि दहा लोंब्या दिसल्या तर दोनच बांधाव्यात. बाकीच्या तिथेच पाण्यात गळू द्याव्यात.